भरीव सोनें आणि सोन्याचा मुलामा

आजच्या भाषणाचा विषय सोन्याचा आहे, सोन्याच्या भावाचा नाहीं. भाव चढेल कीं उतरेल, आज घ्यावें कीं दिवाळीपर्यंत थांबावें, हें सांगणारे जाणते लोक पुष्कळ आहेत, आणि तो माझा अधिकारही नव्हे. माझा जन्म शाळेंत मुलांना अंकगणित, मराठी आणि पदार्थविज्ञानाचीं पहिलीं तत्त्वें शिकविण्यांत गेला. माझा प्रश्न तितकाच प्राथमिक आहे: आपल्या डब्यांत असलेला पिवळा दागिना आंतबाहेर सोन्याचा आहे, कीं वरून तेवढा सोन्याचा आहे, हें सामान्य गृहस्थानें व गृहिणीनें कसें ओळखावें?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. आपल्याकडील मध्यम व गरीब घरांत सोनें हा शृंगार तर आहेच, पण त्याहून अधिक ती घराची शिल्लक आहे. शेत सासऱ्याच्या नांवावर असेल, बँकेचें पुस्तक नवऱ्याच्या नांवावर असेल; परंतु गळ्यांतील चार मणी आणि हातांतील दोन पाटल्या एवढें मात्र त्या बाईचें स्वतःचें असतें. पेरणी तोंडावर आली, इस्पितळाचा खर्च उभा राहिला, मुलीच्या शिक्षणाची फी भरावयाची झाली, कीं प्रथम उघडतो तो दागिन्यांचा डबा. २०२५ सालीं दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. त्यामुळें त्या डब्याचें महत्त्व वाढलें आणि फसवणुकीचा मोहही वाढला. दुर्दैव असें कीं, दागिना आंतून निराळा असेल तर तें घेतांना कळत नाहीं, मिरवितांना कळत नाहीं. कळतें तें गहाण टाकावयास किंवा मोडावयास नेल्यावर, म्हणजे पैशाची निकड सर्वांत मोठी असते नेमक्या त्याच दिवशीं. परीक्षा करावयाची ती त्या दिवसाच्या पुष्कळ आधीं करून ठेवावी, हें सांगण्यासाठीं मी आपणांपुढें आलों आहें.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. ‘खरें सोनें’ आणि ‘खोटें सोनें’ असे दोनच शब्द आपल्या बोलण्यांत येतात. पण वस्तु तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार चांगल्या कसाच्या भरीव सोन्याचा. दुसरा प्रकार कमी कसाच्या सोन्याचा. शुद्ध सोनें चोवीस कॅरटचें. परंतु तें इतकें मऊ असतें कीं, रोजच्या वापराचे दागिने त्याचे टिकत नाहींत, म्हणून त्यांत तांबें व चांदी मिसळतात. बावीस कॅरट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनें, अठरा कॅरट म्हणजे ७५० भाग आणि चौदा कॅरट म्हणजे ५८५ भाग. चौदा कॅरटचा दागिना फिकट दिसेल, त्याची किंमतही कमी येईल. पण तो खोटा नव्हे. कोठेंही कापा, आंत तोच धातु निघेल. १९६३ सालच्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, तेव्हां चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली होती. तो निर्बंध पुढें उठला आणि १९६८ सालचा सुवर्णनियंत्रणाचा कायदाही १९९० सालीं रद्द झाला. त्या मनाईच्या काळांतील एखादा फिकट दागिना आजीच्या डब्यांत निघाला, तर ‘आजीला कोणीं तरी फसविलें’ असें म्हणण्यापूर्वीं हा इतिहास ध्यानांत घ्यावा.

तिसरा प्रकार मुलाम्याचा. ह्यांत अंग निराळें आणि कातडी निराळी. अंग पितळेचें, तांब्याचें किंवा चांदीचें, आणि वर सोन्याचा थर. पूर्वीं हा थर पाऱ्याच्या साहाय्यानें देत. सोनें पाऱ्यांत कालवून तो लेप वस्तूवर लावावयाचा आणि वस्तु तापवावयाची; पारा वाफ होऊन उडून जाई व सोनें चिकटून राही. त्या विषारी वाफा कारागिरांच्या जिवावर बेतत. १८०० सालीं व्होल्टानें विजेचा घट सिद्ध केला. १८०५ सालीं इटलींतील ब्रुन्यातेल्ली ह्यानें त्या विजेनें सोन्याचा मुलामा चढवून दाखविला, आणि १८४० सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन ह्यांनीं विजेच्या मुलाम्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून हें काम सोपें झालें, स्वस्त झालें आणि थर वाटेल तितका पातळ देतां येऊं लागला.

किती पातळ, तें आपण पाटीवर गणित मांडल्याप्रमाणें पाहूं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. एका बांगडीचा सर्व पृष्ठभाग वीस चौरस सेंटिमीटर धरा आणि तिजवर पुरता एक मायक्रॉनचा मुलामा आहे असें समजा. ह्या थराचें घनफळ झालें घन सेंटिमीटराचा पांचशेंवा भाग. एक घन सेंटिमीटर शुद्ध सोन्याचें वजन १९·३ ग्रॅम. म्हणून बांगडीवरील सोनें झालें सुमारें चाळीस मिलिग्रॅम. जुन्या मापानें एक गुंज म्हणजे सुमारें १२० मिलिग्रॅम. म्हणजे डोळ्यांना सबंध सोन्याची दिसणारी ती बांगडी वस्तुतः गुंजेच्या तिसऱ्या हिश्श्याची धनीण असते. स्वस्त मालावर तर ह्याच्या निम्माही थर नसतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलाम्याचा दागिना घेण्यांत कमीपणा नाहीं, आणि तो विकण्यांत पापही नाहीं. रेल्वेच्या गर्दींतून रोज जाणाऱ्या स्त्रीनें गळा ओरबाडला जाण्याच्या भीतीनें मुलाम्याचें मंगळसूत्र वापरलें, तर तें शहाणपणाचेंच. पाप आहे तें मुलामा सोनें म्हणून विकण्यांत. दुकानांवर ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ अशी पाटी दिसते. तें मुलाम्याच्या दागिन्यांचें व्यापारी नांव आहे. प्रत्येक नगावर एक ग्रॅम सोनें आहे असा अर्थ त्यांतून काढूं नये. तसा दागिना शोभेसाठीं घ्यावा, शिलकेसाठीं नव्हे, आणि घरांत त्याचा डबा निराळा ठेवावा.

आतां परीक्षेकडे वळूं. परीक्षा अनेक आहेत. परंतु प्रत्येकीला आपण एकच प्रश्न विचारावा: ही परीक्षा कातडीची आहे कीं अंगाची? वरच्या थरापुरतें उत्तर देणारी परीक्षा मुलाम्यापुढें हरते, कारण मुलाम्याची कातडी सोन्याचीच असते. आंतपर्यंत पोंचणारी परीक्षाच येथें कामाची. हें एक सूत्र ध्यानीं धरलें, म्हणजे पुढचें सर्व सोपें जाईल.

पहिली परीक्षा डोळ्यांची. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु कांकणाची पारख करावयाची तर डोळेही जरा शिकलेले लागतात. मुलामा सगळीकडे सारखा झिजत नाहीं. जेथें घर्षण तेथें झीज. म्हणून दागिन्याची दर्शनी बाजू पाहूं नका. आंगठीचा आंतला भाग पाहा. साखळीच्या कड्या एकमेकींत जेथें घासतात ती जागा पाहा. बांगडीची कड, पदकाची पाठ, कुड्यांची फिरकी, मंगळसूत्राच्या वाट्यांचे कांठ पाहा. उजेड दिवसाचा असावा आणि हातीं भिंग असावें. तेथें तांबूस, पांढरट किंवा काळसर ठिपका उघडा पडला असेल आणि बाकीचा भाग पिवळा असेल, तर तो मुलामा समजावा. भरीव सोनें झिजलें तरी झिजलेल्या जागीं सोनेंच दिसतें. कातडीवर हिरवट डाग पडणें हीही खूण आहे. पण तो डाग तांब्याचा असतो, आणि कमी कसाच्या सोन्यांतही तांबें असल्यामुळें केवळ तेवढ्यावरून निकाल देऊं नये.

ह्याच वेळीं कोरलेलीं अक्षरेंही पाहावीं. परदेशांतून आप्तांनीं आणलेल्या दागिन्यांवर लहान अक्षरें असतात. ‘जी. पी.’ किंवा ‘जी. ई. पी.’ असेल तर तो सोन्याचा मुलामा. ‘जी. एफ.’ असेल तर दुसऱ्या धातूवर सोन्याचा जाड पत्रा दाबून बसविलेला. अमेरिकेंतील नियमाप्रमाणें त्यांत वजनाचा विसावा हिस्सा सोन्याचा मिश्रधातु असावा लागतो. पिवळ्या दागिन्यावर नुसता ‘९२५’ हा आंकडा असेल, तर अंग चांदीचें आहे असें समजावें, कारण तो चांदीच्या शुद्धतेचा आंकडा आहे.

पुष्कळांच्या घरीं लोहचुंबकाची परीक्षा करतात. ती करावयास हरकत नाहीं. पण तिचें उत्तर अर्धेंच असतें. दागिना चुंबकाला चिकटला तर आंत लोखंड किंवा निकेल आहे, म्हणून तो भरीव सोन्याचा नव्हे. मात्र फांसा चिकटला तर त्यांत पोलादाची बारीक स्प्रिंग असूं शकते, हें विसरूं नये. आणि चिकटला नाहीं, तर कांहींच सिद्ध झालें नाहीं. पितळ चिकटत नाहीं, तांबें चिकटत नाहीं, चांदीही चिकटत नाहीं. आणि मुलामा बहुधा ह्या तिघांवरच चढवितात. दांतांनीं चावून पाहणें, केंसावर घासणें, लिंबाच्या रसांत बुडविणें असले जे उपाय एकमेकांस सांगतात, ते सारे कातडीला विचारलेले प्रश्न होत. त्यांनीं दागिन्याचें नुकसान होईल, निकाल लागणार नाहीं.

आतां सोनाराची कसोटी. हा काळा, गुळगुळीत दगड फार पुरातन आहे. संस्कृतांत त्याला ‘निकष’ म्हणतात, आणि आपण आज कोणत्याही विषयांत ‘निकष’ हा शब्द वापरतों तो ह्या दगडाचाच. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुवर्णाध्यक्षाचें प्रकरण आहे; त्यांत निकषावर उमटणाऱ्या रेघेची परीक्षा सांगितली आहे, आणि लगेच पुढें सोन्याच्या चोरीचे प्रकारही सांगितले आहेत. आंत हलका धातु घालून वरून सोनें मढविण्याची युक्ति त्यांत आहे. म्हणजे ही लबाडी विजेच्या मुलाम्याहून शेंकडों वर्षांनीं जुनी होय.

कसोटीचें काम असें चालतें. दागिना दगडावर घासून रेघ काढतात. शेजारीं ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ काढतात. दोहोंचे रंग ताडून पाहतात आणि मग रेघेवर तेजाबाचा, म्हणजे नत्राम्लाचा, थेंब सोडतात. पितळेची रेघ विरघळून नाहींशी होते. चांगल्या सोन्याची रेघ तशीच राहते. परीक्षा उत्तम आहे, पण तिला एक मर्यादा आहे. रेघ उमटते ती घासल्या गेलेल्या थराची. मुलाम्याचा दागिना हलक्या हातानें घासला, तर रेघ सोन्याचीच येईल आणि तेजाबालाही ती दाद देणार नाहीं. म्हणून जाणता सराफ कानशीनें एक बारीक खांच पाडतो आणि त्या खांचेंत पाहतो. खांच पाडूं दिल्यानें दागिना बिघडेल असें आपणांस वाटतें; परंतु एका जागीं, पाठीमागच्या बाजूस पाडलेली खांच हीच अंगापर्यंत पोंचलेली परीक्षा. तेजाबाचा प्रयोग मात्र घरीं कोणीही करूं नये. तें द्रव्य कातडी जाळतें, डोळे घालवितें, आणि त्याच्या वाफाही घातक असतात.

खांच न पाडतां अंगापर्यंत पोंचणारी एक परीक्षा आहे, आणि ती शाळेंतील मुलालाही करतां येते. सिराक्यूजचा राजा हिएरो ह्याच्या मुकुटांत सोनारानें चांदी मिसळली कीं काय, हा प्रश्न आर्किमिडीजपुढें आला होता, ही कथा रोमन लेखक व्हिट्रुव्हियस ह्यानें लिहून ठेविली आहे. कथेंतील स्नानाचा भाग सर्वांस ठाऊक असतो. तिच्यांतील तत्त्व मात्र आपण विसरतों. सोनें फार जड आहे. त्याच आकारमानाचें पितळ त्याच्या निम्म्याहूनही हलकें असतें. म्हणून वजन सारखें असेल, तर पितळेचा दागिना सोन्याच्या दागिन्याहून अधिक जागा व्यापतो. ती जागा पाण्यानें मोजतां येते. आणि पाण्याला कातडीशीं कर्तव्य नसतें.

कृति अशी. ग्रॅमाचा शंभरावा भाग दाखविणारा लहान विजेचा कांटा घ्यावा. स्वयंपाकघरांतील पूर्ण ग्रॅम दाखविणारा कांटा येथें उपयोगी नाहीं. प्रथम दागिना कोरडा तोलून वजन लिहावें. मग कांट्यावर पाण्याचा पेला ठेवून आंकडा शून्यावर आणावा. दागिना बारीक दोऱ्यानें बांधून पाण्यांत पूर्ण बुडेल असा धरावा. तळाला किंवा कडेला टेकूं देऊं नये, आणि हवेचे बुडबुडे हलवून काढून टाकावे. आतां कांटा जो आंकडा दाखवील, तो दागिन्यानें बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन होय. कोरड्या वजनाला ह्या आंकड्यानें भागावें. भागाकार साडेसतरा-अठराच्या सुमारास आला, तर वस्तु बावीस कॅरटची असण्याचा संभव. अठरा कॅरटला पंधरा-सोळा, चौदा कॅरटला तेराच्या आसपास. चांदीचा आंकडा साडेदहा, तांब्याचा सुमारें नऊ, पितळेचा साडेआठ. उदाहरणार्थ, पंचवीस ग्रॅमांची पाटली बावीस कॅरट भरीव असेल तर कांटा सुमारें १·४ ग्रॅम दाखवील. पितळेची असेल तर सुमारें २·९. एवढा फरक लपत नाहीं.

ह्याही परीक्षेला अपवाद आहेत आणि ते जाणल्याविना ती करूं नये. दागिना पोकळ असेल, त्यांत खडे वा मोतीं असतील, किंवा आंत लाख असेल, तर भागाकार कमी येईल आणि खऱ्या सोन्यावर नाहक आळ येईल. आपल्याकडील बोरमाळेचे मणी बहुधा पोकळ असतात व त्यांत लाख भरलेली असते. तीं पाण्यांत बुडवूं नयेत. दहा ग्रॅमांच्या खालच्या नगाला कांट्याची बारीक चूकही मोठी ठरते. उलट बाजूस टंगस्टन नांवाचा एक धातु आहे. त्याचें घनत्व १९·२५, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोन्याइतकेंच. तो कठीण असल्यामुळें नाजूक दागिन्यांत सहसा येत नाहीं. पण सोन्याच्या विटेंत व लगडींत त्याचा गाभा घालून फसविल्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून पाण्यानें दागिना नापास केला तर त्याचें कारण शोधावें, आणि पास केला तरी मोठ्या व्यवहारापूर्वीं जाणत्याकडे जावें.

जाणत्यांजवळ आज क्ष-किरणांचें यंत्र असतें. दागिना आंत ठेवला कीं अर्ध्या-एक मिनिटांत कोणता धातु किती, हें तें सांगतें आणि कोठेंही ओरखडा उठत नाहीं. परंतु आपलें सूत्र येथेंही लावावें. हे किरण वरच्या कांहीं मायक्रॉनांपुरतीच बातमी आणतात. पातळ मुलामा तें यंत्र पकडतें, कारण खालचा धातु दिसून येतो. जाड पत्रा मढविलेला असेल तर तें फसूं शकतें. शेवटचा निर्णय अग्निपरीक्षेचा. सोन्याचा कण चांदी व शिसें ह्यांबरोबर विशिष्ट मुशींत तापवितात. हलके धातु शिशाबरोबर मूस शोषून घेते. मग उरलेल्या गोळींतील चांदी नत्राम्लानें काढून टाकतात आणि राहिलेलें सोनें तोलतात.

नव्या खरेदीसाठीं आतां सरकारी शिक्क्याचा आधार आहे. भारतीय मानक संस्थेनें सोन्याच्या दागिन्यांच्या हॉलमार्कची योजना २००० सालीं सुरू केली. २३ जून २०२१ पासून ती पहिल्यानें २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक असल्याविना तो विकतां येत नाहीं. ह्या क्रमांकाला एच्. यू. आय्. डी. म्हणतात. दागिन्यावर तीन खुणा पाहाव्या: मानक संस्थेची त्रिकोणी खूण, कसाचा आंकडा, जसें ‘२२ के ९१६’, आणि रोमन अक्षरें व अंक मिळून झालेला तो सहा चिन्हांचा क्रमांक. परंतु खुणा दिसल्या म्हणजे काम संपलें असें समजूं नये, कारण ठसा काय, लबाडालाही मारतां येतो. मानक संस्थेचें ‘बी. आय्. एस्. केअर’ नांवाचें ॲप आहे. दुकानांत बसूनच त्यांत तो क्रमांक घालावा. दागिन्याचा प्रकार, कस, सराफाची नोंद आणि तपासणी करणारें केंद्र हें सर्व दिसतें. हातांत आंगठी आहे आणि ॲप साखळी दाखवीत आहे, तर तो दागिना खालीं ठेवावा. कस शिक्क्याहून कमी निघाल्यास, कमी पडलेल्या सोन्याच्या किंमतीच्या दुप्पट रक्कम व तपासणीचा खर्च ग्राहकास मिळावा, असा मानक संस्थेच्या २०१८ सालच्या नियमांत आधार आहे.

दोन ग्रॅमांच्या आंतील नग, तसेंच कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने ह्या सक्तींतून वगळलेले आहेत. आणि आईआजीच्या जुन्या दागिन्यांवर हा क्रमांक असणारच नाहीं. क्रमांक नाहीं म्हणून जुना दागिना खोटा, असें मुळींच नव्हे. तो हॉलमार्किंगच्या केंद्रांत नेऊन थोडक्या शुल्कांत तपासून घेतां येतो.

ह्या सर्व परीक्षांइतकीच मोलाची वस्तु म्हणजे कागद. मी एका लहान गांवीं नोकरीस असतांना लोक पत्रें आणि दस्तऐवज वाचून घेण्यासाठीं माझ्याकडे येत. एका घरीं मुलाच्या शस्त्रक्रियेसाठीं सासूबाईंच्या पाटल्या तारण ठेवावयास नेल्या, तेव्हां पारख करणारानें सांगितलें कीं आंत तांबें आहे. त्या पाटल्या वर्षापूर्वीं धाकट्या सुनेनें भावाच्या लग्नांत घातल्या होत्या. कोणी उघड बोललें नाहीं. पण तिनें चहा पुढें केला तर सासूबाई कप उचलीनात. तीन दिवस त्या घरांत असें चाललें. चौथ्या दिवशीं डब्याच्या तळाशीं कापडांत गुंडाळलेली एक चिठ्ठी सांपडली, आणि ती सूनच ती घेऊन माझ्याकडे आली. ‘‘गुरुजी, एवढी वाचून सांगा,’’ एवढेंच ती म्हणाली. सोनाराच्या हातची ती चिठ्ठी होती: पाटल्या नग दोन, तांब्यावर सोन्याचा पत्रा, एकूण वजन पांच तोळे, पैकीं सोनें दोन तोळे. सासऱ्यांनीं ऐपतीप्रमाणें तशाच करविल्या होत्या आणि घरांत सांगितलें नव्हतें. सोनारानें फसविलें नव्हतें, सुनेनें बदललें नव्हतें. मीं ती चिठ्ठी त्यांच्या घरीं जाऊन सर्वांसमक्ष दोनदां वाचली. शस्त्रक्रियेचे पैसे अर्थात् दुसरीकडून उभे करावे लागले. परंतु त्या मुलीचें त्या घरांतील नांव वांचलें, तें त्या कागदानें.

म्हणून श्रोतेहो, पावती जपा. तीवर वजन, कस, नगाचा प्रकार, खड्यांचें वजन निराळें आणि घडणावळ निराळी, असें लिहून घ्या. जुन्या पावत्या वाचतांना मापाचा फरक विसरूं नका. जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे ११·६६ ग्रॅमांचा. आज बोलण्यांत तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात. जुना पांच तोळ्यांचा दागिना आज ५८ ग्रॅमांहून थोडा अधिक भरला पाहिजे. तो पन्नासच भरला, तर विचारपूस करावी. आणि ५८ भरला, तर ‘आठ ग्रॅम वाढले कसे’ म्हणून कोणाकडे संशयानें पाहूं नये.

आणखी दोन सावधगिरीच्या सूचना देतों. पहिली: खोदकामांत सोन्याची माळ सांपडली आहे, गुपचूप स्वस्तांत देतों, असें सांगणारे लोक गांवोगांव फिरतात. ते दोन मणी तोडून देतात आणि ‘सराफाकडे दाखवून या’ म्हणतात. ते दोन मणी खरोखर सोन्याचे असतात. उरलेली माळ पितळेची असते. नमुना त्यांनीं निवडला तर परीक्षा त्यांची झाली, आपली नव्हे. कोणता मणी तपासावयाचा, तें घेणारानें ठरवावें. आणि खरें पाहतां असल्या व्यवहाराच्या वाटेला जाऊंच नये. दुसरी: दारावर दागिने उजळून देणारा आला तर त्याच्या हातीं सोनें देऊं नये. अम्लराज नांवाचें मिश्रण आहे. त्यांत सोनेंही विरघळतें. दागिना लखलखीत होऊन परत येतो आणि वजन त्याच्या भांड्यांत राहतें.

शेवटीं एक विनंति. येत्या एखाद्या निवांत रविवारीं घरांतील डबा उघडा. ज्या बाईचे दागिने आहेत तिला बरोबर घ्या. तिच्या पाठीमागें हें काम करूं नका. प्रत्येक नग दिवसाच्या उजेडांत भिंगाखालीं पाहा, तोला, आणि एका वहींत नग, वजन, खुणा व कोणाकडून आला हें लिहा. मुलाम्याचे नग निराळे ठेवा. जेथें शंका असेल तेवढेच नग तपासणीला न्या. एका दुपारचें काम आहे. पण पुढें कधीं रात्रीअपरात्रीं तो डबा घेऊन बाहेर पडण्याची वेळ आली, तर आपण काय घेऊन निघालों आहों हें तरी घरांतील माणसांस ठाऊक असेल.